धोरण आधी, मराठी नंतर?

शासकीय धोरण हे अखेर एक गद्यलेखन असते. त्यात आकडे असतात, तक्ते असतात, निधीची तरतूद असते; पण कोणाला काय मिळणार, कोणी काय करायचे आणि न केल्यास कोणाला जाब विचारायचा, हे सारे वाक्यांतूनच ठरते. ‘देईल’ आणि ‘देऊ शकेल’ या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत नागरिकाचा हक्क उभा राहतो किंवा नाहीसा होतो. ‘यथाशक्य’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने’ हे शब्द निरुपद्रवी दिसतात. प्रत्यक्षात जबाबदारी निसटते ती त्यांच्याच फटीतून. असे असताना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आणि डिजिटल कारभाराच्या धोरणाचे स्वाभाविक हक्कदार म्हणून अभियंता, प्रशासक, कायदेतज्ज्ञ, उद्योजक आणि सल्लागार कंपन्या यांची नावे घेतली जातात. भाषेच्या माणसाची आठवण मजकूर पुरा झाल्यावर होते, आणि तीही अनुवादापुरती. आमचा विरोध या क्रमाला आहे.

रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी मराठी शिकवणाऱ्यांनी या विषयात बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु २०२४ व २०२५ या दोन वर्षांतील घटना नुसत्या ओळीने मांडून पाहाव्यात. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ अभियानाला मान्यता दिली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने पोलीस तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी ‘मार्व्हल’ ही कंपनी नागपुरात उभी केली. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाअ‍ॅग्री-एआय धोरण २०२५-२९’ मंजूर केले. त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि त्याच महिन्यात वैयक्तिक विदा-संरक्षणाचे नियमही अधिसूचित केले. याच काळात, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निर्णयाचे सोहळे गावोगाव झाले. मात्र ही अभिजात भाषा शेतकऱ्याशी, फिर्यादीशी, शिष्यवृत्तीच्या अर्जदाराशी यंत्राच्या तोंडून बोलणार असेल, तर ते बोलणे कोण घडवणार, हा प्रश्न त्या सोहळ्यांत ऐकू आला नाही.

केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांपासूनच आरंभ करू. ती इंग्रजीत प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील सात तत्त्वांना ‘सूत्रे’ असे नाव देण्यात आले. शब्द आपल्या परंपरेचा, मजकूर परभाषेचा. त्यांतील एक सूत्र सांगते की यंत्रणा मुळातच समजण्याजोगी असली पाहिजे. कोणाला समजण्याजोगी, आणि कोणत्या भाषेत? मराठीच्या विद्यार्थ्याला या ठिकाणी नागदेवाचार्यांची आठवण व्हावी. केशोबासांनी संस्कृतातून प्रश्न केला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना मराठीतच विचारायला सांगितल्याची नोंद महानुभाव वाङ्मयात आहे. संस्कृत त्यांना वर्ज्य होते म्हणून नव्हे. त्या भाषेने पंथातील साध्यासुध्या म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील म्हणून. ‘समजण्याजोगे’ या शब्दाचा खरा निकष तेव्हाच ठरला होता. ज्याच्यावर परिणाम होणार त्याला समजले पाहिजे. लिहिणाऱ्याला समजले आहे, एवढे पुरेसे नाही.

आता कायद्याकडे वळू. ‘डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्ट, २०२३’ या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. नागरिकाची वैयक्तिक माहिती घेताना जी सूचना द्यायची व जी संमती मागायची, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय त्याला मिळाला पाहिजे. म्हणजे बँक, रुग्णालय, महाविद्यालय, मोबाइलवरील दुकान या सर्वांना मराठीत संमती मागण्याची सोय करावी लागणार आहे. लक्षावधी लोक वाचतील, किंवा न वाचता ज्यावर बोट ठेवतील, असे हे मराठी गद्य आहे. ते लिहिणार कोण?

या गद्यातील पहिलाच शब्द अडतो. ‘डेटा’ला मराठीत काय म्हणावे? ‘विदा’ हा शब्द काही मंडळी आग्रहाने वापरतात. आम्हीही वर तो वापरला आहे. सामान्य वाचकाला तो अजून परका आहे, आणि हिंदी कानाला त्यातून निरोपाचा अर्थ ऐकू येतो. म्हणून बहुतेक ठिकाणी ‘माहिती’ हा शब्द येतो. परंतु ‘माहितीचा अधिकार’ हे आपल्या सार्वजनिक जीवनातले एक कमावलेले पद आहे. महाराष्ट्रात त्यासाठी आंदोलने झाली, २००५ च्या केंद्रीय कायद्याआधी राज्याचा स्वतःचा कायदा झाला. आता ‘माहितीचा अधिकार’ आणि ‘माहितीचे संरक्षण’ ही दोन पदे शेजारी ठेवली, की एकच शब्द मागण्यासाठीही आणि नाकारण्यासाठीही वापरला जातो. ही केवळ शब्दांची गंमत नाही. २०२३ च्या याच कायद्याने माहितीच्या अधिकारातील कलम ८(१)(ञ) बदलले आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने एखाद्याच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण होईल, असा आधार लागे. व्यापक लोकहित असेल तर ती देताही येई. आता त्या पोटकलमात ‘वैयक्तिक’ असणे एवढेच कारण उरले. लोकहिताचा विचार कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, परंतु नकाराचा दरवाजा रुंद झाला. ग्रामपंचायतीत लाभार्थ्यांची यादी मागायला गेलेल्या माणसाला ‘माहितीचे संरक्षण’ या मराठी शब्दांनी परत पाठवता येते. आणि ते शब्द इतके सोज्ज्वळ असतात, की आपले काय गेले हेही त्याला कळत नाही. संज्ञा ठरवणे हे राजकारण असते, ते असे.

दुसरे उदाहरण संमतीचे. कायद्याला जी संमती अभिप्रेत आहे ती मोकळ्या मनाने दिलेली, नेमकी, समजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी लागते. तिच्या इंग्रजी विशेषणांचा शब्दाला शब्द ठेवला, की मराठीत ‘माहितीपूर्ण संमती’ असे काहीतरी तयार होते. मराठी व्याकरणाप्रमाणे याचा अर्थ जिच्यात भरपूर माहिती आहे अशी संमती असा होतो. देणाऱ्याला काही कळले होते की नाही, ते त्यातून निघत नाही. आता आपल्या खेड्यापाड्यांतले खरेदीखत किंवा बक्षीसपत्र काढून पाहावे. अर्जनवीस पिढ्यान्पिढ्या लिहीत आले आहेत की हा दस्त ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ लिहून दिला आहे. ‘राजीखुशी’मध्ये दडपणाचा अभाव आहे, ‘अक्कलहुशारी’मध्ये समजून देण्याची अट आहे. परदेशी विधिशास्त्राने अलीकडे ज्या दोन कसोट्या घासूनपुसून मांडल्या, त्या आपल्या मुद्रांकाच्या कागदावर केव्हाच्या आहेत, आणि निरक्षर आजीलाही त्या ऐकून कळतात. हे शब्द कोणी सुचवायचे? ज्याने मोडी दस्त वाचले आहेत, बखरींची आणि महजरांची भाषा अभ्यासली आहे, त्याने. असा माणूस अभियांत्रिकी महाविद्यालयात घडत नाही. तो मराठीच्या विभागात घडतो, आणि एम.ए. होऊन कंत्राटी तासिकांची वाट पाहत बसतो.

शेतीच्या धोरणात हेच चित्र अधिक जिवावर बेतणारे आहे. शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सल्ला मिळावा, असा कृषी क्षेत्रातील या नव्या साधनांचा हेतू सांगितला जातो. हेतू उत्तम आहे. पण रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराची भाषा कोणती? मोहोर फुटल्यानंतर फळाची अवस्था तो ‘कणी’, ‘वाटाणा’, ‘गोटी’, ‘सुपारी’ या शब्दांनी मोजतो, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे सल्लेही फळ वाटाण्याएवढे की गोटीएवढे, याच भाषेत बोलतात. कोणती फवारणी केव्हा करायची व केव्हा थांबवायची, हे या अवस्थांवर ठरते. ज्या यंत्राला ‘वाटाणा’ ही भाजी आणि ‘गोटी’ हे खेळणे एवढेच माहीत आहे, ते या माणसाला काय उत्तर देईल? ‘भुरी’, ‘करपा’, ‘तुडतुडे’ ही कीड-रोगांची नावे. ‘साका’ हा वरून देखण्या हापूसच्या पोटातला दोष. ‘कातळ’, ‘वरकस’, ‘खाजण’ हे जमिनीचे प्रकार. या शब्दांचे ज्ञान सजावटीचे नाही. उत्तर चुकले तर एका हंगामाचे उत्पन्न जाते, आणि कोकणात हंगाम वर्षातून एकदाच येतो. चुकलेल्या उत्तराची जबाबदारी कोणावर, हे वाक्य धोरणात स्पष्ट मराठीत असल्याशिवाय ‘आपल्या भाषेत सल्ला’ हे आश्वासन अर्धवट आहे.

पोलीस ठाण्यात तर शब्दाचे वजन याहून अधिक. गुन्ह्यांच्या तपासासाठी तयार केलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली राज्यातील १,१०० पोलीस ठाण्यांत नेण्याची घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये झाली. मराठी फिर्यादीत ‘तुला बघून घेईन’ असे वाक्य येते. त्यात पाहण्याचा संबंध नाही, घेण्याचाही नाही. ती धमकी आहे. त्याच मराठीत ‘ते काम मी बघून घेईन’ हे आश्वासन असते. क्रियापद तेच, कर्म बदलले की गुन्हा होतो. संयुक्त क्रियापदांचा हा धडा आम्ही पदवीच्या वर्गात शिकवतो, तेव्हा विद्यार्थी विचारतात की याचा उपयोग काय. उपयोग हा.

या मांडणीवर तीन आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की यंत्रे आता आपापली मराठी शिकतात. भाषातज्ज्ञाची गरज संपली. यंत्रे मराठी लिहितात, हे खरे. प्रश्न आहे तो कोणती मराठी, हा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते; त्या मानाने महाजालावर मराठी मजकूर थोडा, आणि त्यातलाही बराच अनुवादित. म्हणून यंत्राच्या मराठीत ‘सुनिश्चित करा’, ‘प्रदान करते’, ‘च्या द्वारे’ अशी हिंदी-इंग्रजी साच्याची वाक्ये दाटीने येतात. संगमेश्वरी बोली, चित्पावनी, किनाऱ्यावरच्या मुसलमान समाजाची कोकणी, मालवणी यांचे लेखी रूपच तुटपुंजे. तेव्हा यंत्राच्या लेखी ती माणसे जवळपास मुकी आहेत. खर्चाचाही प्रश्न आहे. संगणकाच्या प्रचलित संकेतप्रणालीत रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘क्षि’ या एका अक्षरात चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. यंत्र वाक्याचे जे तुकडे पाडून वाचते ते मराठीत अधिक पडतात, आणि मोल बहुधा तुकड्यांवर आकारले जाते. हा भार कोणी उचलायचा, हाही धोरणाचाच प्रश्न. सर्वांत गंभीर गोष्ट ही, की यंत्राची सदोष मराठी एकदा शासनाच्या संकेतस्थळावर गेली की तिला अधिकृततेचा शिक्का मिळतो, आणि पुढचे यंत्र तीच प्रमाण मानून शिकते. अशुद्ध पाठ प्रमाण कसा ठरत जातो, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला नव्याने सांगायला नको.

दुसरा आक्षेप: भाषेच्या माणसांना शासनात घेतले की ‘पदनाम कोश’ होतो. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला, आणि ‘बदनाम कोश’ म्हणून त्याची टिंगल झाली. काही शब्द खरोखर बोजड होते. परंतु ‘आयुक्त’, ‘अभियंता’, ‘अधीक्षक’, ‘संचालक’ या शब्दांना आज कोण हसतो? आणि या टिंगलीतून घ्यायचा धडा भाषातज्ज्ञ नकोत, असा नसून ते वापर करणाऱ्या माणसांमध्ये बसून काम करणारे हवेत, असा आहे. शिवकालात राज्यव्यवहारकोश रचला गेला तो राज्य उभे राहत असताना. राज्य झाल्यावर करायचे शोभेचे काम म्हणून नव्हे. रत्नागिरीला तर या बाबतीत वेगळे सांगण्याची गरज नसावी. येथे जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी पत्रकारितेच्या धबडग्यात देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत लक्ष घातले. येथेच १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी लिपिसुधारणेचा व भाषाशुद्धीचा प्रचार केला. ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे त्यांचे म्हणून ओळखले जाणारे शब्द त्यांच्या राजकारणाशी तीव्र मतभेद असणारेही रोज वापरतात. या दोघांच्या भूमिकांविषयी वाद घालता येतील, घालावेतही. पण छपाईचे यंत्र आले तेव्हा भाषेच्या माणसाने कोपऱ्यात बसायचे असते, असे दोघांनाही वाटले नाही.

तिसरा आक्षेप आमच्याच वर्तुळातला, आणि तोच आम्हांला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. साहित्याच्या अभ्यासकाने सत्तेला प्रश्न विचारावेत. तिचे मसुदे काय लिहायचे? राजाश्रयाची ही भीती अनाठायी नाही. परंतु मसुदा लिहिणे आणि स्तुती लिहिणे यांत भेद आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. शासनाचा पैसा कोणाच्या शिक्षणावर खर्च होतो, याची धारदार चिकित्सा त्यात आहे, आणि तरीही ते शासनाच्याच दप्तरात दाखल झालेले धोरणविषयक लेखन आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी शासनाच्या मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारून वाईत विश्वकोशाचे काम उभे केले. त्यामुळे त्यांची लेखणी मिंधी झाली, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. उलट, दूर राहण्याने सत्तेचे काही बिघडत नाही. तिला वाक्ये लिहून देणारे दुसरे मिळतात, आणि त्या वाक्यांत ‘जबाबदार राहील’ऐवजी ‘प्रयत्नशील राहील’ असे येते. तो बदल पहिल्या मसुद्यात पकडणारा माणूस कवितेतला एक शब्द बदलल्याने काय होते हे ज्याने चार वर्षे अभ्यासले आहे, त्याच्याहून योग्य कोण?

बाहेरच्या जगाकडे पाहावे. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अंमलात आला. तो संघाच्या २४ अधिकृत भाषांत आहे आणि त्या सर्व भाषांतील पाठ सारख्याच अधिकाराचे मानले जातात. त्यांत माल्टी भाषाही आहे. माल्टा देशाची लोकसंख्या सहा लाखांहून कमी. एकट्या रत्नागिरी जिल्ह्याची २०११ मध्ये १६ लाखांवर होती. तेथे भाषांतरकार हा कायद्याच्या निर्मितीचा भाग असतो, मागाहून येणारा कारकून नसतो. आपल्याकडेही हे अशक्य नाही. केंद्रीय कायद्यांच्या प्रादेशिक भाषांतील पाठांना अधिकृत मानण्याची सोय १९७३ च्या कायद्याने केलेली आहे. राज्याचा कारभार मराठीत चालावा, यासाठी १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे. साधने आहेत, ती वापरण्याचा आग्रह धरणारी माणसे योग्य जागी नाहीत.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. राज्याच्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या प्रत्येक धोरणाचा मसुदा आरंभापासून मराठीत आणि इंग्रजीत समांतर लिहिला जावा, आणि हरकती-सूचना मराठी पाठावर मागवल्या जाव्यात. मसुदा समितीत मराठी भाषा-साहित्याचा अभ्यासक अनुवादक म्हणून नव्हे, सदस्य म्हणून असावा. नागरिकाला यंत्राने उत्तर दिले असेल तर तसे तेथे लिहिलेले असावे, आणि त्या उत्तराला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्याचे पद खाली असावे. यंत्राला शिकवण्यासाठी बोलींचे ध्वनिमुद्रण केले जाईल तेव्हा बोलणाऱ्याची संमती राजीखुशीने व अक्कलहुशारीने घेतलेली असावी आणि त्याला मोबदला मिळावा. कोकणातली म्हातारी ही विनामूल्य कच्चा माल नव्हे.

विद्यापीठांकडेही एक मागणी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.ए.च्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आले आहे. मराठीचे विद्यार्थी त्यासाठी वृत्तपत्राच्या कचेरीत किंवा ग्रंथालयात जातात. ते जिल्हाधिकारी कार्यालयात, कृषी विभागात, विधी सेवा प्राधिकरणातही गेले पाहिजेत: तेथील संकेतस्थळाची, अर्जाची, संमतिपत्राची मराठी तपासायला, बागायतदाराच्या आणि मच्छीमाराच्या तोंडचे शब्द नोंदवायला, न कळणारे वाक्य कळेल असे लिहून दाखवायला. याला कोणी कारकुनी म्हणेल. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर आयुष्य वेचणाऱ्या संशोधकालाही कोणी कारकून म्हणू शकतो.

यंत्र मराठी बोलणारच आहे. ते कोणाची मराठी बोलेल, याचे उत्तर धोरणाच्या पहिल्या मसुद्यात लिहिले जाते. तेथे भाषेचा माणूस नसेल, तर शेवटी अनुवादासाठी आलेल्याच्या हाती एवढेच उरते की दुसऱ्यांनी ठरवलेली गोष्ट शुद्ध ऱ्हस्व-दीर्घात लिहून द्यावी. मराठीच्या पदवीधराचे काम तेवढेच आहे, असे आम्ही मानत नाही. आणि आमच्या विद्यार्थ्यांनी तसे मानावे, अशी आमची मुळीच इच्छा नाही.